साचेखात्याची सेमीफायनल

मैदानाच्या पलीकडच्या कडेवरून त्या माणसानं मला हातांनी सांगितलं, ‘लंगडा नाही तो. काटा मोडलाय. मॅच झाली की जेवायला थांब.’

तोंडानं एक शब्द नाही, नुसते हात. आणि मला अक्षर न् अक्षर कळलं.

मी भुसावळला मैदानाच्या कडेच्या बाभळीखाली उभा होतो. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, गावातला कुणी रिकामटेकडा वाटावा असं. शेजारी आमचा गोलकीपर कादरभाई. समोर खानदेशातल्या एका गिरणीची टीम लोको शेडवाल्यांशी खेळत होती. यातली जी जिंकेल तिची गाठ पंधरवड्यानं आमच्याशी, बुऱ्हाणपूरला, शील्डच्या सेमीफायनलमध्ये. आमच्या भागात त्या शील्डपेक्षा वरची स्पर्धा नव्हती. तेव्हा समोरच्या टीमचा कोण कुठे कच्चा आहे ते आधी जाऊन हेरायचं, असं काम आमच्याकडे होतं. आज त्याला काहीतरी भारी नाव असेल. आम्ही त्याला ‘माल बघून येणं’ म्हणायचो.

चेंडू बाहेर नाल्यात गेला होता, तो आणायला कुणीतरी पळालं होतं. तेवढ्यात मी कादरभाईला हातानं म्हणालो होतो की त्यांचा डावा फुलबॅक, म्हणजे गोलच्या पुढे उभा राहून राखण करणारा गडी, पाय ओढतोय. लंगडा दिसतो. हे मी खुणेनं म्हणालो ते केवळ सवयीनं. आणि त्यांचा कॅप्टन, मैदानाच्या त्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभा होता तो, त्यानं मला उत्तर दिलं.

कादरभाईनं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “दामूभाई, ये तो अपनी बोली है.”

“हाव,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता ही बोली काय ते सांगायला हवं. मी गिरणीत जॉबर होतो, आणि टीमही मीच सांभाळायचो. जॉबर म्हणजे साच्यांच्या एका ओळीवरचा मुख्य गडी. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. तो बिघडला तर मी दुरुस्त करायचा, त्यावरचा माणूस आला नाही तर दुसरा उभा करायचा. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालतात. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतो, तो थांबतच नाही. पहिल्या दिवशी आत आलेला माणूस कानांवर हात ठेवतो. काही वर्षांनी ठेवत नाही, कारण तोवर कान निम्मे गेलेले असतात. त्या गोंगाटात ओरडून उपयोग नाही. म्हणून साचेखात्यातली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. कुणाची बायको बाळंत झाली, कुणाकडे पाहुणे आलेत, आज डब्यात काय आहे, सगळं या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं आणि घशाला काही त्रास होत नाही.

हीच बोली आम्ही मैदानावर नेली होती. एक बोट इकडून तिकडे झटकलं की ‘धोटा’, म्हणजे चेंडू दुसऱ्या बाजूला टाक. दोन बोटं एकमेकांत अडकवून सोडली की ‘तार तुटली’, म्हणजे त्यांच्या फळीत भोक पडलंय, घूस. खांद्यावर दोन टिचक्या म्हणजे ‘मुकादम आला’, तुझ्या पाठीमागे माणूस आहे. बाकीच्या टीमा मैदानावर बोंबलत असायच्या. आम्ही गप्प. समोरच्याला पत्ता लागायचा नाही आणि चेंडू गोलमध्ये. लोक म्हणायचे, बुऱ्हाणपूरवाले मनातलं ओळखतात. आम्हीही ते खरं धरून चाललो होतो. ही आमचीच विद्या आहे, आमच्या गिरणीतच जन्मली, असं आम्हाला वाटायचं. दुसऱ्या गिरणीतही साचे असतात आणि ते तेवढाच आवाज करतात, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

साहेबाबद्दलही इथेच सांगतो. आमचा मॅनेजर विलायती होता. जाड, तांबडा, आणि नाकाचं टोक तर बारा महिने लाल. बोलीत त्याचं नाव साहजिकच ठरलं होतं. दोन बोटांनी आपल्या नाकाचं टोक धरलं की ‘साहेब’. तो खात्यात फेरीला आला की ओळीच्या ओळी नाक धरायच्या, आणि पुढे आणखीही काही खुणा व्हायच्या. त्या मी लिहीत नाही. साहेब मधून सावकाश चालत जायचा, इकडे तिकडे बघत.

मला भुसावळला पाठवलं ते याच साहेबानं. ऑफिसात बोलावून म्हणाला, “दामू, तुम जाके देखो. किधर वीक है, किधर स्ट्राँग है. इस साल हमको शील्ड मंगता.”

मी म्हणालो, “साहेब, ते गोविंदाचं कायमचं...”

“पहले शील्ड. शील्ड आया, गोविंदा परमनंट. नहीं आया, तो जहां है वहां.”

गोविंदा जिथे होता ती जागा म्हणजे गिरणीचं गेट. तो बदली होता. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं. कुणी कायमचा माणूस आला नाही तर आत घ्यायचे. नाही घेतलं तर घरी. आज साचेखातं, उद्या सूत गुंडाळायचं वाइंडिंग खातं, परवा काहीच नाही. अशी कितीतरी वर्षं त्यानं गेटवर काढली होती. फुटबॉलमध्ये मात्र तो आमचा सेंटर फॉरवर्ड, पुढच्या फळीत मधोमध राहून गोल मारणारा. त्याच्याइतके गोल कुणी मारत नव्हतं.

त्याचं लग्न झालेलं. बायको कौतिक, बहादरपूरची. सासरा खमक्या. त्यानं एकदा मुलीला माहेरी नेलं आणि सांगून टाकलं की जावई कायम झाल्याशिवाय पोरगी नांदायला पाठवणार नाही. म्हातारा दुष्ट नव्हता. गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या घरात चूल कशी पेटते ते त्यानं बघितलं होतं. ज्या दिवशी काम मिळायचं नाही त्या दिवशी गोविंदा चालत बहादरपूरला जायचा. ओट्यावर सासऱ्याशी कपाशीच्या गप्पा करायचा. कौतिक पाणी आणून ठेवायची. पाणी पिऊन हा परत. एकदा मी विचारलं, “काही बोलता की नाही रे?” तर म्हणाला, “दामूभाऊ, सासरा समोरच बसतो ना.”

मी त्याचा जॉबर. कायम करायचं माझ्या हातात असतं तर पहिल्याच वर्षी केलं असतं. पण आमच्याकडे त्याला साहेबाची सही लागायची. म्हणून ती शील्ड मला हवी होती. साहेबाला ऑफिसच्या कपाटासाठी हवी होती. मला कौतिकसाठी हवी होती.

तर भुसावळला खानदेशवाले जिंकले आणि आम्ही लाजत लाजत त्यांच्या धर्मशाळेत जेवायला गेलो. कॅप्टनचं नाव तोताराम. तिथला हेडजॉबर, वयानं माझ्यापेक्षा मोठा, केस पिकलेले, तरी हाफबॅकला, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत, अजून धावत होता. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर मिरचीचा ठेचा. कादरभाईचं ताट आमच्याच पंगतीत मांडलं. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळी मांडत नसत.

तोताराम म्हणाला, “आमचा माल बघायला आला तर नीट बघा ना भाऊ. झाडामागून काय दिसतं?”

मी म्हणालो, “चुकलं आप्पा.”

“चुकलं काय त्यात? मीबी बघायला येनारच होतो तुमाला. तुमीच आला, माझं भाडं वाचलं.” मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडत सगळं सांगितलं. फुलबॅकचा काटा निघालाय, तोवर तो बरा होईल. उजव्या कडेचा त्यांचा पळणारा गडी वाऱ्यासारखा आहे, पण डावा पाय त्याला नुसता उभं राहायला दिलाय. गोलकीपर उंच चेंडूला भितो. काही लपवलं नाही. “सांगून काय फरक पडतो?” म्हणाला. “तुमाला आमच्या खुना येतात, आमाला तुमच्या. गिरनी कुठलीबी असो, साच्याचा आवाज एकच. आवाज एक म्हंजे बोलीबी एक.”

भाकरी माझ्या हातातच राहिली. आमची गेल्या कित्येक वर्षांची सगळी हुशारी त्या एका वाक्यात गेली. आम्ही खूण केली रे केली की ती त्यांच्या अकरा जणांना कळणार.

“तुमचा तो सेंटर फॉरवर्ड कसा आहे?” तोतारामनं विचारलं. “लई नाव ऐकलं.”

आता मीही काय लपवणार? गोविंदाचा खेळ सांगितला. खेळावरून गेटवर आलो, गेटवरून बहादरपूरवर. साहेबाची शील्डची अटही सांगून बसलो. खरं म्हणजे समोरच्या कॅप्टनला हे सांगायचं नसतं. पण त्यानं अन्न वाढलं होतं आणि ऐकत होता.

तोतारामनं ताटातला घास संपवला. मग म्हणाला, “साहेब तोच ना, लाल नाकाचा? आमच्याकडे होता पहिले. तवा विव्हिंग मास्तर होता, साचेखात्याचा वरचा साहेब. इलायतेत सोता साच्यावर उभा राहिलेला मानूस.”

“तोच.”

“मॅचला येतो का?”

“पहिल्या रांगेत. मधोमध. खुर्ची ऑफिसातून आणतात.”

“बरं,” म्हणाला आणि माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. आमच्या टीमबद्दल त्यानं विचारलं ते एवढंच. मला वाटलं, सलाम करायला जागा माहीत असावी म्हणून विचारत असेल.

परतीच्या गाडीत कादरभाई खिडकीला डोकं टेकून बसला होता. तापी दिसायला लागली तेव्हा म्हणाला, “माल तो अच्छा देखा, दामूभाई. अपना भी दिखा के आए.”

दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर टीम गोळा केली आणि सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. मग एक जण म्हणाला, खोट्या खुणा करू. ‘धोटा’ म्हटलं की चेंडू आपल्याच पायात ठेवायचा, ‘तार तुटली’ म्हटलं की थांबायचं. दोन दिवस करून बघितलं. आमचेच लोक फसले. हात खोटं बोलायला तयार, पण डोळे जन्मभर खरं वाचत आलेले. एकदा तर तिघं एका बाजूला पळाले आणि चेंडू दुसऱ्या बाजूला एकटाच पडून होता.

तेव्हा ठरवलं, खुणाच बंद. पण हात बंद होईनात. माणूस पळायला लागला की हात आपोआप बोलायचे. यावर माझ्या जॉबरकीच्या डोक्यातून एक उपाय निघाला. प्रॅक्टिसला प्रत्येकाच्या दोन्ही मुठींत एक एक रिकामी बॉबीन दिली. बॉबीन म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी नळी. मूठ बंद, बोट उठणार नाही. बुऱ्हाणपूरच्या लालबागकडून येणारे जाणारे थांबून बघायचे. गिरणीची टीम बॉबिनी चोरून पळतेय की काय, अशी चर्चा झाली.

गोविंदाला बॉबिनींचा त्रास कमी झाला. हे मला तेव्हाच दिसलं. तो बदली. आज या खात्यात, उद्या त्या. खुणा त्याला वाचता यायच्या, पण त्याच्या स्वतःच्या हातांना ती सवय पक्की लागलीच नव्हती. तो खेळताना हात नुसते लटकत ठेवायचा. मी त्याला म्हणालो, “तूच एक आहेस ज्याच्या मनातलं त्यांना कळणार नाही.”

“मला तरी कुठे कळतं, दामूभाऊ,” तो म्हणाला. “चेंडू आला की मारतो.”

मॅचच्या दिवशी निंबोल्यापासून, फोपनारपासून बैलगाड्या जोडून लोक आले होते. साहेबानं गिरणीला अर्धी सुट्टी दिली होती. त्यामुळे मैदानाच्या चारी बाजूंना साचेखातंच उभं. साहेबाची खुर्ची मधोमध. रेफरीनं आमच्या मुठी उघडून बघितल्या आणि बॉबिनी काढून घेतल्या. म्हणाला, हे हत्यार आहे. मग मी चिंध्या वाटल्या. चिंध्यांना त्याची हरकत नव्हती.

पहिला अर्धा तास आमचं जे हसं झालं ते सांगवत नाही. बोलायला हात नाहीत, ऐकायला कान नाहीत. एकाच चेंडूवर आमचेच दोघं धावायचे आणि एकमेकांवर आपटायचे. असाच एक उंच चेंडू आला. कादरभाई ओरडला, “मेरा!” पण आमच्या फुलबॅकचा तो कान साच्यानं कधीच खाल्लेला. दोघं उडाले, दोघं पडले, आणि खानदेशवाल्यानं सावकाश चेंडू आत लोटला. गोल. मैदानाभोवतीचे सगळे हात खाली पडले.

हाफटाइमला लिंबू चोखत बसलो होतो. कादरभाईच्या कपाळाला टेंगूळ आलेलं. म्हणाला, “दामूभाई, एक बात बोलूं? मुँह बंद करके हारने से बोल के हारना अच्छा.”

मी सगळ्यांच्या मुठींतल्या चिंध्या काढून घेतल्या. म्हणालो, “बोला. वाचतील तर वाचू द्या.”

आणि मग जो खेळ झाला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. दोन्ही टीमा हातांनी बोलतायत आणि दोन्ही टीमांना सगळं कळतंय. आम्ही ‘धोटा’ म्हणायच्या आत त्यांचा माणूस तिकडे हजर. त्यांनी ‘तार तुटली’ म्हणायच्या आत आमचा माणूस भोक बुजवून उभा. कुणी कुणाला फसवू शकत नव्हतं. मग उरलं फक्त कोण जास्त पळतो आणि कुणाचा पाय सरळ. आणि सगळं चिडीचूप. नव्यानं आलेले पाहुणे एकमेकांना विचारत होते की लोक ओरडत का नाहीत. ओरडत होते ना. हातांनी ओरडत होते.

त्यात गोविंदाला मधोमध चेंडू मिळाला. त्यानं कुठलीही खूण केली नाही. तोताराम त्याच्या हातांकडे बघत राहिला, आणि हातांत काही लिहिलेलंच नव्हतं. गोविंदा बाजूनं निघाला आणि त्यांच्या गोलकीपरच्या डोक्यावरून उंच चेंडू घातला. भरीत खाताना ऐकलेली ती एक गोष्ट कामाला आली. बरोबरी झाली.

पण शेवटची शिट्टी व्हायला थोडाच वेळ होता तेव्हा त्यांच्या त्या वाऱ्यासारख्या गड्यानं उजव्या कडेनं आत येऊन चेंडू मारला. डाव्या पायानं. तो पाय नुसता उभं राहायला दिलाय असं ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, त्याच पायानं. कादरभाई उजवीकडे गेला होता. मी तोतारामकडे बघितलं. तो स्वतःच तोंड उघडं टाकून उभा होता. त्यालाही ते नवीनच होतं.

दोन एक. हरलो. शील्ड गेली.

टीम मैदानातच बसली. गोविंदा गोलच्या खांबाला टेकून बसला, मान खाली. मी त्याच्याकडे जायला निघालो आणि निम्म्यातच थांबलो. जाऊन काय सांगणार होतो? उद्या सकाळी लवकर ये गेटवर, एवढंच.

तेवढ्यात तोताराम मैदानाच्या मध्यात आला. घाम पुसला. तोंड गोविंदाकडे केलं, पण उभा राहिला असा की साहेबाच्या खुर्चीसमोरून त्याचे हात स्वच्छ दिसावेत. खात्याच्या अगदी शेवटच्या साच्यावरच्या माणसाशी बोलताना जशा मोठ्या खुणा करतात तशा केल्या. ‘ए. तू. चल आमच्याकडे. साचा रिकामा आहे. कायम.’

मैदानाभोवतीच्या सगळ्या साचेखात्यानं ते वाचलं. गोविंदानं मान वर केली. त्यानं तोतारामकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

माझा सगळ्यात चांगला गडी जाणार होता. त्याच्याशिवाय पुढच्या वर्षी टीम काय, नुसती गर्दी उरणार होती. पण मला त्या क्षणी बहादरपूरचा ओटा दिसला आणि पाण्याचा तांब्या. मी हात वर केला आणि गोविंदाला खूण केली, ‘जा.’ डोळे भरून आले होते. लपवले नाहीत.

मग पहिल्या रांगेत काहीतरी हललं. साहेब खुर्चीतून उठला होता. हॅट काढून खुर्चीवर ठेवली. दोन पावलं पुढे आला. आणि सगळ्यांच्या देखत, शांतपणे, त्यानं दोन बोटांनी आपल्या नाकाचं टोक धरलं.

साचेखात्याचं रक्तच गोठलं. नाक सोडून साहेबाचे हात बोलायला लागले. थोडे अडखळत, थोडे परके, पण स्वच्छ. ‘मी सांगतो. माणूस माझा. उद्या भोंगा. साचा. कायम.’

मग माझ्याकडे वळून तोंडानं म्हणाला, “दामू. तुमने ‘जा’ बोला. वो भी हमने पढा.”

मी म्हणालो, “हो साहेब.”

“ठीक बोला,” तो म्हणाला. हॅट घातली आणि निघून गेला.

माझ्या शेजारच्या जुन्या विणकरानं मटकन खाली बसकण मारली. इतक्या वर्षांत त्यानं साहेबाविषयी काय काय हातांनी सांगितलं होतं ते त्याला एकदम आठवलं असावं. मलाही आठवत होतं. साहेब रोज त्या ओळींमधून चालत जायचा, सगळं वाचत, आणि त्यापायी एका माणसालाही त्यानं कधी कामावरून काढलं नव्हतं. शील्डची अट घालणारा तोच, आणि हे सगळं पोटात घालणाराही तोच. त्याला आम्ही नाकावरून ओळखलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा गोविंदा गेटवर उभा नव्हता. आत होता, माझ्या ओळीत. नवा डबा आणला होता. पहिले दोन तास त्यानं मला एकही खूण केली नाही. मग धोट्यावरची नजर न काढता एक हात छातीवर ठेवला आणि माझ्याकडे झुकवला. मीही माझा हात छातीवर ठेवला. दिवाळीच्या आधी बहादरपूरहून गाडी आली. सासरा स्वतः हाकत होता. कौतिक मागे, पेटीवर बसलेली. म्हातारा माझ्या दारात उतरून म्हणाला, “जॉबरभाऊ, तुमी लई केलं.” मी म्हणालो, मी काही केलं नाही, केलं ते समोरच्या टीमनं. त्याला वाटलं मी विनयानं बोलतोय.

पुढच्या वर्षी तोताराम मला जळगावला एका मॅचला भेटला. या वेळी मी झाडामागे नव्हतो. जेवायला त्याला मीच नेलं. जेवताना विचारलं, “आप्पा, त्या दिवशी साहेबाला खुणा वाचता येतात हे तुम्हाला माहीत होतं?”

“मंग? मीच शिकवल्या अर्ध्या. अर्ध्या तो घरून घेऊन आला होता. त्याची माय तिकडे साच्यावर होती.”

“आणि समजा साहेब गप्प बसला असता? गोविंदा आला असता तुमच्याकडे. तो तर निघालाच होता.”

तोतारामनं घास गिळला, पाणी प्यायला. “तीच तर भीती होती मला. आमच्याकडे साचा रिकामा नव्हता भाऊ.”

मी हसलो की रडलो ते आता आठवत नाही. माझ्या नोकरीत मला पुष्कळ माणसांनी मदत केली, पण माझ्याविरुद्ध खेळून, मला हरवून, आणि वर असा धोका पत्करून कुणी केली नाही. तोताराम आता नाही. साहेब विलायतेला परत गेला आणि तिकडेच वारला असं ऐकलं. दोघांचेही मी तोंडानं कधी आभार मानले नाहीत. हातानं मानले होते. दोघांनाही ते वाचता येत होतं, एवढं समाधान आहे.

तर सांगायचं काय, समोरची टीम बघायला गेलात तर पाय बघा, वेग बघा, सगळं बघा. आणि बघताना आपले हात खिशात ठेवा.

साचेखात्यानं त्या मॅचनंतर साहेबासाठी नवी खूण काढली. ती मी इथे सांगत नाही. कोण वाचत असेल, काय नेम?